हवेतलं अंतर

सकाळी सहाला पट्टी कामावर आली तेव्हा दादाचं विमान समुद्रावर होतं आणि सगळं अगदी शहाण्यासारखं चाललं होतं. आदल्या रात्री सुटताना चार मिनिटं उशीर, तोही वाटेत भरून निघालेला. तिने खुर्चीवरची आपली जुनी शाल खांद्यावर ओढली, कारण कंट्रोल रूममधला एसी बारा महिने एकच हवा ओळखायचा. मग तिने पडद्यावरची ती बारीक हिरवी रेघ डोळे भरून बघितली. दादाच्या शहरापासून आपल्या शहरापर्यंत तेरा हजार चारशे किलोमीटर. मध्ये कुठेही न उतरता. हे उड्डाण पहिलंच होतं, आणि ही रेघ तिची होती.

पट्टी हे नाव घरचं. लहानपणी ती वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन घरभर फिरायची आणि मांजराच्या शेपटीपासून काकांच्या मिशीपर्यंत दिसेल ते मोजायची. आता ती अडतीस वर्षांची झाली होती, विमानांचे मार्ग आखायची, तरी नाव काही सुटलं नव्हतं. कामावरही सगळे पट्टीच म्हणत.

या रेघेपायी तिने तीन वर्षं घासली होती. वरच्या मजल्यावरच्या साहेबांना प्रवाशांचे आकडे दाखवले, मोसमागणिक वारे दाखवले, रिकाम्या जाणाऱ्या खुर्च्या दाखवल्या. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नव्हती. सहा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा दादा निरोप मिळाल्या क्षणी निघाला होता. दोन विमानं बदलून तेहेतीस तासांचा प्रवास. त्यातलं मधलं विमान चुकलं. तो दारात आला तेव्हा आईला नेऊन चौदा तास झाले होते. अण्णांनी दार उघडलं आणि म्हणाले, "आता कशाला आलास?"

दादा तिसऱ्या दिवशी परत गेला. त्यानंतर बापलेक बोलले नाहीत. अण्णांनी घरात एक कायदा मात्र केला : घरातला कुठलाही मोठा निर्णय मतं घेऊन व्हायचा आणि जो समोर हजर नसेल त्याला मत नाही. फोनवरून नाही, पत्राने नाही. कायदा कुणासाठी केलाय ते सगळ्यांना कळत होतं, आणि बोलत कुणीच नव्हतं.

आज संध्याकाळी पाचला तसाच एक निर्णय व्हायचा होता. घराच्या तळमजल्यावरचा कारखाना चालू ठेवायचा की बंद करायचा. कारखाना म्हणजे अण्णांनी आणि काकांनी तरुणपणी सुरू केलेला, शाळांसाठी पृथ्वीगोल बनवायचा उद्योग. छापील कागदाच्या बारा फाका ओल्या करून गोलावर अशा चिकटवायच्या की सांधा दिसता कामा नये. काकांचे गुडघे गेले होते, शाळा गोल घेईनाशा झाल्या होत्या, शेजारच्या दुकानदाराला जागा हवी होती आणि त्याला आजच उत्तर हवं होतं. मधला भाऊ, ज्याला सगळे नुसतं भाऊ म्हणत, तो काकांच्या बाजूचा. भाऊची बायको, म्हणजे वहिनी, आणि पट्टी दुसऱ्या बाजूला. अण्णांनी जाहीर करून टाकलं होतं की ते स्वतः मत देणार नाहीत. "मी उभं केलं, आता तुम्ही काय ते ठरवा." मतं बरोबरीत आली, तर मत देणाऱ्यांत थोरले म्हणून काकांचा शब्द शेवटचा.

म्हणून दादा निघाला होता. तो कोणाच्या बाजूने मत देणार हे पट्टीला ठाऊक नव्हतं. तिने विचारलं नव्हतं. काका मात्र छातीठोकपणे सांगत सुटले होते, "थोरला व्यवहारी आहे. तो माझ्याच बाजूने."

आठ वाजून वीस मिनिटांनी विमानातून संदेश आला. कॅप्टन बाईंची भाषा नेहमीसारखी कोरडी होती : समोरचा वारा ताशी एकशे चाळीस. अंदाज नव्वदचा होता. पुढचं काय ते कळवा.

पट्टीने आकडे टाकले. विमान अजून एक्कावन्नशे किलोमीटर दूर होतं. पण विमानाला जमिनीवरच्या किलोमीटरशी काय देणंघेणं? ते कापतं हवा. समोरून वारा आला की तेवढ्याच वाटेसाठी जास्त हवा कापावी लागते. हा वारा असाच राहिला, तर उरलेल्या वाटेत विमानाला सहा हजारांवर किलोमीटर हवा कापावी लागणार होती. ठरलेल्यापेक्षा पावणेचारशे जास्त. म्हणजे ज्या राखीव इंधनाला हात लावायचा नसतो, त्यात तोंड घालावं लागणार.

तिच्या मागे बारीक शिट्टी वाजली. ड्युटी मॅनेजर काळजीत पडले की शीळ घालत, म्हणून त्यांचं नावच शिट्टीसाहेब पडलं होतं.

"वाटेत उतरवून इंधन भरू या," ते म्हणाले. "तीन तास जातील. जाऊ देत."

"साहेब, पहिल्याच उड्डाणाला?"

"पहिल्या उड्डाणाचं विमान काही वेगळ्या तेलावर चालत नाही, पट्टी."

ते बरोबर होतं. आणि तीन तास गेले म्हणजे दादा सहाच्या सुमाराला शहरात उतरणार, हेही तेवढंच खरं होतं. पट्टीने पडद्यावरचे हात काढले आणि खुर्ची मागे सरकवली.

"साहेब, एक सांगायला हवं. माझा सख्खा भाऊ आहे त्या विमानात. आणि तो वेळेवर पोचणं मला घरच्या एका गोष्टीसाठी हवंय. फार हवंय. तुम्हाला वाटत असेल तर माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसवा."

शिट्टीसाहेबांनी तिच्याकडे क्षणभर बघितलं. "या रस्त्याचं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

"कुणाला नाही."

"मग बस खाली. पण आकडे मी स्वतः तपासणार, आणि हवामानवाली बाईही तपासणार. आमच्या दोघांपैकी एकानं जरी नको म्हणून मान हलवली तरी विमान खाली उतरेल. कबूल?"

"कबूल."

हवामानवाली पलीकडच्या टेबलावर होती. जाड चष्मा आणि फटकळ तोंड. पट्टी तिच्या पडद्यावर वाकली. "हा जोराचा पट्टा उत्तरेला कुठे संपतो?"

"अंदाजात विचारतेस की खरोखर? अंदाज रात्रीच तोंडावर पडलाय."

"खरोखर."

"मग कुणीतरी तिथून गेलेलं पाहिजे."

गेलेलं होतं. एक मालवाहू विमान, दुसऱ्याच कंपनीचं, पाऊण तासापूर्वी नेमकं तिथून गेलं होतं. पट्टीने त्यांच्या कंट्रोल रूमला फोन लावला. पलीकडे कुणी झोपाळू आवाजाचे गृहस्थ होते, पण माणूस भला. त्यांनी वैमानिकाला विचारून दहा मिनिटांत उलट फोन केला. "तुमच्या रेघेच्या उत्तरेला वारा पडलाय हो. चाळीस. फार तर पंचेचाळीस."

पट्टीने नवी वाट काढली. उत्तरेकडे वळसा, जमिनीवर मोजलं तर दोनशे दहा किलोमीटर लांब. पण हवेत मोजलं तर साडेपाच हजारांच्या थोडं वर. जुन्या वाटेपेक्षा जवळपास पाचशेने कमी. तिने आकडा दोनदा मांडला, कारण इतका सोयीचा आकडा आला की तिला नेहमी संशय यायचा.

हवामानवालीने तपासलं. शिट्टीसाहेबांनी तपासलं, पुन्हा तपासलं, आणि शीळ थांबली. "लांबचा रस्ता जवळचा पडतोय," ते म्हणाले. "पण वारा पुन्हा फिरला तर?"

"साडेअकराला पुन्हा हिशोब करू. तोपर्यंत वाटेवरचा एक विमानतळ हाताशी राहतोय. तेव्हा आकडे बसले नाहीत, तर मी स्वतः उतरा म्हणून कळवीन."

"स्वतः?"

"स्वतः, साहेब."

नवा मार्ग गेला. कॅप्टन बाईंचं उत्तर आलं : पटलं, वळतो आहोत. पडद्यावरचा छोटा ठिपका हळूच वर, उत्तरेकडे कलला.

अकराच्या सुमाराला वहिनीचा फोन आला. वैयक्तिक फोन बाहेर घ्यायचा नियम, म्हणून पट्टी कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या यंत्राशेजारी जाऊन उभी राहिली.

"अगं, इथे रामायण झालंय," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. "तुझा भाऊ सकाळपासून मोबाइलवर विमान बघतोय. मघाशी ओरडला, विमान वाट चुकलं! झालं, काकांना तेवढंच हवं होतं. म्हणाले, आता ते कधी येतंय देव जाणे, बैठक पाचला कशाला, तीनलाच उरकू."

"तीनला? वहिनी, दादा तीनला घरी नाही गं पोचणार!"

"माहीत आहे. काकांनाही माहीत आहे, म्हणून तर घाई." वहिनीने श्वास घेतला. "पण पुढचं ऐक. अण्णा उठले. खाली गेले, मोठा गोल उचलून वर आणला, भाऊकडून मोबाइल घेतला आणि त्यात बघून गोलावर दोरा धरला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, चुकलं नाही. ती वाऱ्याला वळसा घालतेय."

"अण्णा म्हणाले? ती?"

"ती म्हणाले. विमान नाही म्हणाले."

कॉफीचं यंत्र घरघरलं. पट्टीने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्या या नोकरीबद्दल अण्णांनी पंधरा वर्षांत एक प्रश्न विचारला नव्हता. पडद्यावर रेघा ओढणं म्हणजे काम नव्हे, असंच त्यांचं मत असावं अशी तिने समजूत करून घेतली होती.

"आणि भाऊ?"

"तो त्यांच्या शेजारी बसलाय. दोघं मिळून दर पाच मिनिटांनी टाचणी सरकवतायत. काका एकटे चिडून येरझाऱ्या घालतायत." वहिनी हसली. "तू तुझं काम कर. बैठक मी तीनला होऊ देत नाही. अंध मुलांच्या शाळेचा मोठा गोल आज चिकटवायला घेतलाय. उठावाचे डोंगर आहेत त्याच्यावर. फाका ओल्या असताना मला हलता येत नाही, आणि मी घरात हजर असताना मला वगळून मतं घेता येत नाहीत. काय?"

"वहिनी, किती फाका राहिल्यात?"

"मी म्हणेन तितक्या."

साडेअकराला पट्टीने पुन्हा हिशोब केला. शिट्टीसाहेब डाव्या खांद्याशी, हवामानवाली उजव्या. वारा अडतीस. इंधन ठरलेल्यापेक्षा थोडं जास्तच. तिने आकड्यावर बोट ठेवलं.

"येऊ दे घरी," शिट्टीसाहेब म्हणाले.

त्यानंतर कामाचे तास सरले ते तिला कळलेच नाहीत. दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी, ठरल्या वेळेच्या सात मिनिटं आधी, दादाचं विमान धावपट्टीला टेकलं. कंट्रोल रूममध्ये टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती. विमानं उतरायचीच असतात, त्यात टाळ्या कसल्या? पण हवामानवाली उठून उभी राहिली आणि तिने टाळी वाजवली, मग आठही टेबलांवरची माणसं उठली. शिट्टीसाहेबांनी दोन बोटं तोंडात घालून अशी खणखणीत शिट्टी घातली की वरच्या मजल्यावरचे साहेब जिन्यात येऊन बघू लागले. कॅप्टन बाईंचा शेवटचा संदेश एका ओळीचा होता : वाट आखणाऱ्याला सांगा, मला ही व्यक्ती भेटायला हवी.

"जा," शिट्टीसाहेब म्हणाले. "भावाला घे आणि घरी जा. तीनपर्यंत मी बसतो तुझ्या खुर्चीत."

बाहेर येणाऱ्या माणसांच्या गर्दीत दादा तिला आधी ओळखूच आला नाही. केस पांढरे झाले होते आणि चष्म्याच्या भिंगांचा व्यवसाय करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या चष्म्याला एका बाजूने चिकटपट्टी होती.

"पट्टे!" त्याने बॅग खाली टाकली. "अगं, मी एक झोप काढली, दोन सिनेमे बघितले आणि आलोसुद्धा! खरंच आलो का गं?"

"आलास. चल, गाडीत बस, बोलायला वेळ नाही."

पण गाडीत बोलणं झालंच. पुलाच्या अलीकडे रहदारी तुंबली होती. पट्टीने समोर बघतच विचारलं, "काका म्हणतात तू त्यांच्या बाजूने आहेस."

"काकांनी पत्र लिहिलं होतं. मी उत्तर लिहिलं, आल्यावर बोलू. त्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला." दादा खिडकीतून बघत राहिला. "पट्टे, मला कारखान्याची भीती नाही वाटत. दाराची वाटते. अण्णा पुन्हा तेच म्हणाले तर?"

पट्टीने हॉर्न वाजवला.

ते घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. तळमजल्यावर कारखान्यात सगळे जमले होते, कारण वहिनी हलली नव्हती. तिच्या हातात शेवटची फाक होती, आणि हाताकडे बघून कळत होतं की ती शेवटची फाक गेला तासभर शेवटचीच होती. काका स्टुलावर घड्याळ धरून बसले होते. भाऊ खिडकीशी. अण्णा दाराकडे पाठ करून उभे होते.

पावलं ऐकून ते वळले. दादा उंबऱ्याच्या बाहेरच थबकला. सरसाच्या भांड्यावर एक माशी घोंघावत होती, तेवढाच आवाज.

"आत ये," अण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम फुटला. "अरे, आत ये. बाहेर काय उभा राहतोस परक्यासारखा?"

दादा आत आला. पाया पडायला वाकला तर अण्णांनी त्याला अर्ध्यातच धरलं आणि दोघंही तसेच अवघडून उभे राहिले, एक वाकलेला आणि एक वाकू न देणारा.

"त्या वेळी मी निघालो होतो, अण्णा. लगेच निघालो होतो."

"माहीत आहे मला. त्याच दिवशी माहीत होतं." अण्णांनी त्याचा दंड सोडला नाही. "कुणावर तरी रागवायचं होतं मला. विमानावर रागवता येत नाही."

काकांनी खाकरून घसा साफ केला. त्यांचे डोळेही ओले झाले होते, पण ते मागे हटणाऱ्यांतले नव्हते. "झालं? बरं. आता सगळे हजर आहेत. मतं घ्या. बंद करायचा म्हणणारे हात वर."

काकांचा हात वर गेला. ते भाऊकडे बघू लागले. भाऊने हात खिशातून काढलाच नाही.

"अरे, हात कुठाय तुझा?"

"काका, नाही." भाऊ नेहमीप्रमाणे चाचरला, पण या वेळी थांबला नाही. "आज अख्खा दिवस मी अण्णांजवळ बसलो. किती वर्षांनी, मलाच आठवत नाही. मला वाटायचं हा गोल म्हणजे अडगळ. आज आपली पट्टी कुठून कुठे विमान नेतेय ते मला मोबाइलवर नुसती वाकडी रेघ दिसत होती. गोलावर दोरा धरला तेव्हा कळलं. आणि ही..." त्याने बायकोकडे बोट केलं. "ही पाच तास एका गोलावर उभी आहे. कुणासाठी? ज्यांना मोबाइल दिसत नाही त्या पोरांसाठी. मी कशाला बंद करा म्हणू?"

वहिनीच्या हातातली फाक सरळ तिच्या पदराला चिकटली.

"म्हणजे चालू ठेवा म्हणणारे तीन," काका हळू म्हणाले. "थोरल्याचं मत लागतच नाही."

"लागत नसलं तरी देणार," दादा म्हणाला. "एवढ्या लांबून आलोय. आणि मी हजर आहे, काका. चालू ठेवायचा. वहिनीच्या या उठावाच्या गोलांसाठी आमच्याकडच्या शाळा मी बघतो. वर्षातून दोनदा येईन, सोळा तासांवर आहे मी आता. तुमचे गुडघे दुखतात ना? मग तुम्ही बसून फक्त आम्हाला ओरडायचं. ते काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

सगळे काकांकडे बघत होते. काकांनी वर केलेला एकटा हात बघितला, बोटं उघडली, मिटली, आणि त्याच हाताने डोकं खाजवलं.

"चार विरुद्ध एक काय लिहिता? पाच लिहा. उद्यापासून मला याच घरात जेवायचंय." मग ते वहिनीवर गुरगुरले, "आणि ती फाक सोडव आधी. सांधा असा सोडतात होय? पाणी आण. सरक बाजूला."

आधी भाऊ हसला, मग वहिनी, आणि मग हसण्याला धरबंद राहिला नाही. भाऊने शेजारच्या दुकानदाराला फोन लावला आणि नाही हा शब्द इतक्या मोठ्याने सांगितला की तो बहुधा फोनशिवायही ऐकू गेला असेल. काका स्टुलावरून उठून, गुडघे धरत, वाकून फाक सरळ करू लागले होते. दादा जमिनीवर बसकण मारून त्यांना ओला फडका देत होता.

पट्टी एका बाकावर टेकली. अण्णा येऊन तिच्या शेजारी बसले.

"तो वळसा," ते म्हणाले. "दोनशे किलोमीटर असेल."

"दोनशे दहा, अण्णा."

"हं. मी दोनशे पाच काढला होता." त्यांनी मान डोलावली. "लांबची वाट घ्यायला छाती लागते. माझी नसती झाली."

पट्टीने नुसती त्यांच्या खांद्यावर मान टेकवली, अडतीस वर्षांची बाई असून.

"हा परत कधी जाणार?"

"पुढच्या शनिवारी. माझ्याच विमानाने."

"जाताना वारा मागून असेल?"

"मागून. दीड तास लवकर पोचेल."

अण्णांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि गावाला निघालेल्या माणसासारखे ताठ बसले. "मग त्याच्या शेजारची जागा रिकामी असेल तर बघ. मी जाऊन येतो. याचं घर बघितलं नाही मी अजून."

"तुम्ही?" काकांनी फाक सोडून मान वर केली. "अण्णा, या वयात? विमानात?"

"मग काय चालत जाऊ?" अण्णा म्हणाले, आणि पट्टीने डोळे पुसता पुसता शनिवारच्या विमानात खिडकीची जागा शोधायला घेतली.